उद्योगनगरीतलं प्रेक्षणीय गेट

मोठ्या शहराचा मोठेपणा त्याच्या वास्तूंत असतो, आणि अशा वास्तूंसमोर क्षणभर उभं राहिलं की माणसाला स्वतःच्या आयुष्याचा अर्थ उमगू लागतो. हे वाक्य माझं नाही. ते मला भगवानरावांनी फोनवर ऐकवलं. मी त्यांना एवढंच विचारलं होतं, की तुमचा मुलगा ज्या कंपनीत आहे ती नेमकी कुठे आहे.

भगवानराव म्हणजे माझ्या भाचीचे, प्राजक्ताचे, होऊ घातलेले सासरे. मूळचे लातूरकडचे. तरुणपणी पिंपरीला आले, कंपनीत लागले, आणि आता निवृत्त होऊन संत तुकाराम नगरात राहतात. त्यांचा मुलगा सागर चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनवतो. मुलगा-मुलगी भेटले होते, एकमेकांना पसंत होते, पत्रिकेनेही आडकाठी केली नव्हती. राहिलं होतं ते गेट.

आमच्या बार्शीकडे पूर्वी स्थळ बघायला गेलेला माणूस त्यांच्या विहिरीत डोकावून यायचा. आता तो कंपनीचं गेट बघून येतो. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोर चहा घेत उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या पोरांना सहज विचारल्यासारखं विचारायचं, की अमका परमनंट आहे की ठेक्यावर. अंगात गणवेश एकच, बूट एकच, कामही एकच. त्यामुळे विचारल्याशिवाय कळत नाही. घरात मात्र सगळेच परमनंट असतात. फोनवर भगवानरावांनी सागरलाही परमनंटच सांगितलं होतं.

हे काम माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे प्राजक्ताच्या आईने, अक्काने, माझ्यावर सोपवलं. मी आयुष्यभर वाचनालय सांभाळलं, त्यामुळे मला माणसं वाचता येतात असा तिचा समज आहे. परमनंट नसेल तर तिथूनच परत फीर, चहासुद्धा घेऊ नकोस, असं तिने बजावलं. प्राजक्ता मला स्टँडवर सोडायला आली, आणि गाडी लागली तेव्हा म्हणाली, "मामा, परमनंट नसला तरी मला चालेल. पण आहे असं सांगून नसला, तर नाही चालणार."

भगवानरावांनी मला बुधवारी संध्याकाळी बोलावलं होतं. गुरुवारी दिवसभर निवांत शहर बघा, संध्याकाळच्या गाडीने जा. गुरुवार हा चांगला वार, असंही ते म्हणाले. मला ते धार्मिक वाटले.

वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर ते स्वतः न्यायला आले होते. घर चालत जाण्याच्या अंतरावर. तेवढ्यात त्यांनी मला ही आशियातली सगळ्यांत श्रीमंत महापालिका असल्याचं सांगितलं. घरी गेल्यावर शेजारी आले, त्यांनीही तेच सांगितलं. आशियातल्या बाकीच्या महापालिकांना हे कळवलं आहे की नाही, ते समजलं नाही.

रात्रीच्या जेवणाला बाजरीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची पातळ आमटी) होती. सुमनताईंनी, म्हणजे सागरच्या आईने, लातूर अजून चुलीवरून उतरू दिलेलं नाही. जेवताना उद्या काय काय बघायचं याची बैठक बसली. भगवानरावांच्या मनात ताथवड्याचे टॉवर होते. तिथल्या इमारतींना इटलीतल्या गावांची नावं आहेत आणि पाणी टँकरने येतं, ही माहिती शेजाऱ्यांनी पुरवल्यावर ते मागे पडले. उड्डाणपूल सुचवण्यात आला. तो बघायचा कसा, वरून की खालून, यावर एकमत होईना. सुमनताई म्हणाल्या, महापालिकेचं मोठं हॉस्पिटल दाखवा. त्यांचं म्हणणं रास्त होतं. गावाकडून आलेले त्यांचे बहुतेक पाहुणे आजवर तेवढंच बघून गेले होते.

"आणि कंपनी?" मी विचारलं.

"कंपनीत काय बघायचं, पाव्हणं?" भगवानराव म्हणाले. "पत्रे न् धूर. शहर बघा की."

सागर भाकरी मोडत होता. तो मोडतच राहिला.

सकाळी पहिला मान मेट्रोचा. संत तुकाराम नगर स्टेशनवर सरकत्या जिन्याने वर गेलो, गाडीत बसलो आणि पुढच्याच स्टेशनला उतरलो, कारण ती तिथेच संपते. भगवानरावांनी मला खिडकीतून खालची वाहनं दाखवली. पूर्वी आपण तिथे खाली अडकायचो, आता वरून बघतो, असं त्यांनी त्यातलं प्रगतीचं मर्म उलगडलं. डबा गार आणि स्वच्छ होता. समोर बसलेला एक तरुण गळ्यात ओळखपत्र घालून झोपला होता. हा परमनंट असेल का, असा विचार माझ्या मनात आला आणि मी दचकलो. एका रात्रीत मी या शहराचा झालो होतो.

पिंपरी कॅम्पात (फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेल्या बाजारपेठेत) दाल-पकवान खाल्लं. पकवान म्हणजे मैद्याची कडक तळलेली पुरी, तिच्यावर हरभऱ्याची डाळ, चिंचेचं पाणी आणि कांदा. पुरी इतकी कडक, की ती तोंडात असेपर्यंत माणसाला बोलता येत नाही. मी भगवानरावांना तीनदा कंपनीचं विचारलं आणि त्या सोयीचा फायदा घेऊन त्यांनी तीनही वेळा आणखी एक पकवान तोंडात घातलं. सागर मात्र काही खात नव्हता.

तिथून रिक्षाने आम्ही एका उद्यानात गेलो. नाव सांगत नाही. या उद्यानाला ते एका नगरसेवकाच्या वडिलांचं दिलेलं आहे आणि वडील बिचारे निर्दोष असणार. आत जगातली आश्चर्यं छोट्या आकारात उभी केली आहेत. पॅरिसच्या मनोऱ्याला टेकून एक जोडपं भांडत होतं. पिरॅमिडवर चढू नये अशी पाटी होती आणि पिरॅमिडवर चार मुलं होती. पण या ठिकाणचं खरं वैभव म्हणजे संगीत कारंजं. त्याच्या उद्घाटनाची कोनशिला काळ्या ग्रॅनाइटची आहे. मान्यवर, सन्माननीय, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, अशी नावं वाचत वाचत मी तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलो, तेव्हा कुठे तिच्यामागे असलेलं कारंजं दिसलं. ते बंद होतं.

बाजूला पाण्याचा पाइप गुंडाळत असलेल्या माळ्याला मी विचारलं, कधी सुरू होतं?

"आज नाही होणार काका. गुरुवार आहे ना, लाइट नसते."

गुरुवारी या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, त्यामुळे पूर्वीपासूनच बऱ्याच कंपन्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, हे त्याने पाइप गुंडाळता गुंडाळता सांगितलं. साऱ्या देशाचा रविवार असतो तेव्हा इथे काम चालतं, आणि गुरुवारी उद्योगनगरी झोपते. चाकणलासुद्धा? मी विचारलं. चाकणलासुद्धा, तो म्हणाला.

मी भगवानरावांकडे पाहिलं. ते पॅरिसच्या मनोऱ्याकडे बघत होते.

गुरुवार हा चांगला वार का, ते मला आता समजलं. शिफ्ट नाही, म्हणजे गेटमधून बाहेर पडणारी पोरं नाहीत. पोरं नाहीत, म्हणजे विचारायचं कुणाला हा प्रश्नच नाही. पाहुण्याला शहर दाखवायचं, जेवू घालायचं, संध्याकाळी एसटीत बसवून द्यायचं. इतकं बिनचूक नियोजन मी त्या दिवशी शहरात दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

"भगवानराव," मी म्हणालो, "बंद कारंजं पाहिलं. आता बंद गेटही बघून घेतो."

ते म्हणाले, उन्हाचं कशाला, लांब आहे, रिक्षावाला अव्वाच्या सव्वा मागेल. तेवढ्यात सागर पहिल्यांदाच आपण होऊन बोलला. गाडी घेऊन येतो, म्हणाला. बापाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने बापाकडे पाहिलं नाही.

मोटारसायकलवरून मोशीमार्गे चाकणला जाताना सागर मला रस्ता समजावून सांगत होता. या पट्ट्यात खुणा सांगतात त्या कंपन्यांच्या. अमक्या कंपनीच्या कोपऱ्यावर वळा, तमक्या कंपनीसमोर उतरा. त्यांतल्या काही कंपन्या कधीच बंद पडल्या. एकीच्या जागी आता पोहण्याचा तलाव असलेली सोसायटी आहे. पण तिथे घर घेतलेले लोकही रिक्षावाल्याला जुन्या कंपनीचंच नाव सांगतात. परमनंट झालं ते एवढंच.

रस्त्याच्या कडेला कोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर ओळीने उभे होते. एरवी इथे एवढी कोंडी असते की पायी जाणारा पुढे निघून जातो, सागर म्हणाला. आज रस्ता मोकळा होता. चाकणला पोचल्यावर त्याने गाडीचा वेग कमी केला आणि विचारलं, "मामा, इथे एक जुना भुईकोट किल्ला आहे. आधी तो बघायचा का?"

मी म्हणालो, येताना बघू. त्याने वेग पुन्हा वाढवला.

गेट आलं. निळं, उंच, बंद. त्याच्यामागे एवढी शांतता होती की पत्र्यावर बसलेले पारवे ऐकू येत होते. समोर ताडपत्रीखाली एक चहाची टपरी तेवढी उघडी होती. ती चालवणारी बाई पन्नाशीची असावी, गावातलीच. मी बाकावर टेकलो, गेटकडे नजर लावली, आणि तिने चहा गाळता गाळता मला ओळखलं.

"पोरगी देणार हाय व्हय?"

मी हो म्हणालो.

"मंग गुरुवारी कुटं आलाव?" ती म्हणाली. "गुरुवारी समदी पोरं परमनंट असत्यात."

महिन्यातून दोन-तीन तरी मामा-काका इथे येऊन बसतात, असं तिच्याकडून कळलं. कुणी सोलापूरचं, कुणी बीडचं. माझ्यासारखंच गेटकडे बघत चहा पितात. म्हणजे भगवानरावांना सापडत नसलेलं प्रेक्षणीय स्थळ हे इथे होतं. फक्त त्याला कोनशिला नव्हती. या पुढच्या गेटनं परमनंट जातात आणि ठेक्याची पोरं मागच्या गेटनं, हेही तिने सांगितलं. मग सागरसमोर चहा ठेवत तिने सरळच विचारलं, "तू कुठल्या गेटनं जातो रं?"

सागरने हातात ग्लास घेतला, तो भाजला म्हणून खाली ठेवला, पुन्हा घेतला. खोटं बोलायला इतकी सोयीची जागा त्याला परत मिळाली नसती. गेट बंद होतं, सोबती घरी झोपले होते, आणि मी संध्याकाळच्या गाडीने जाणार होतो.

"मागच्या," तो म्हणाला.

मग माझ्याकडे वळला. "मामा, मी ठेक्यावर आहे. बाबा तुम्हाला फोनवर परमनंट म्हणाले तेव्हा मी शेजारीच होतो. गप्प बसलो."

"प्राजक्ताला सांगितलंस?"

"नाही."

"मग ते मी सांगणार नाही, तूच सांग," मी म्हणालो. टपरीवालीने त्याच्यासमोर एक बिस्किटाचा पुडा सरकवला. सकाळपासून काही न खाल्लेल्या मुलाने तो संपवला.

किल्ला राहिलाच.

घरी परतलो तेव्हा भगवानराव दारातच उभे होते. आमचे चेहरे बघून त्यांना जे कळायचं ते कळलं. कसं वाटलं शहर, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तुमचं खरं आहे, वास्तूसमोर उभं राहिलं की उमगतं. ते हसले नाहीत. स्टँडपर्यंत माझी पिशवी त्यांनीच उचलली, आणि गाडी लागायच्या आधी म्हणाले, "मी परमनंट झालो तवा सागर शाळंत जात व्हता, पाव्हणं. माझ्या सासऱ्यानं कुठलं गेट बघितलं नव्हतं."

बार्शीला पोचलो. प्राजक्ता दार उघडताच म्हणाली, "मागचं गेट ना? मला माहीत आहे. तुमची गाडी हडपसरला असेल तेव्हाच त्याचा फोन आला." तिच्या आवाजात राग नव्हता. राग सगळा अक्काकडे होता. अक्काने दोन दिवस भगवानरावांच्या सात पिढ्यांचा समाचार घेतला. फसवणूक, विश्वासघात, माणुसकी असे शब्द आमच्या स्वयंपाकघरात प्रथमच वापरले गेले. तिसऱ्या दिवशी प्राजक्ताने शांतपणे विचारलं, की तिच्या स्वतःच्या नोकरीबद्दल त्यांना काय सांगितलं आहे. प्राजक्ता इथल्या सरकारी दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. अक्काने त्यांना 'सरकारी दवाखान्यात' एवढंच सांगितलं होतं. दवाखाना सरकारी आहेच. प्राजक्ता ठेक्यावर आहे.

अक्काने त्याच दुपारी भगवानरावांना फोन लावला आणि ते अर्धं वाक्य पूर्ण केलं.

आता पिंपरी-चिंचवडला जाणारे लोक माझ्याकडे विचारायला येतात, की एका दिवसात काय काय बघावं. मेट्रो बघा, गार असते. दाल-पकवान खा. कोनशिलेपाशी चांगली सावली पडते. आणि वेळ उरला तर कुठल्याही कंपनीचं मागचं गेट बघा. शहर तिथून आत जातं.

मुहूर्त काढायला भटजींना बोलावलं तेव्हा दोन्ही घरची मोठी माणसं हजर होती. भटजींनी दोन्ही पत्रिका मांडल्या, बराच वेळ बोटांवर काही मोजलं, डोळे मिटले, आणि इतका उत्तम योग आपण गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नाही, असं सांगितलं. सगळ्यांनी हात जोडले.

मुहूर्त गुरुवारचा आहे. ठेक्यावरच्या मुलांना त्या दिवशी रजा मागावी लागत नाही.