ओल्या बोटाचा खटला

माझ्या चौघा नातवंडांनो, तुमच्यापैकी दोघांचे बाबा एका मोबाईल कंपनीत आहेत आणि दोघांचे तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीत. तुम्ही आता सुट्टीत एकमेकांना का भेटत नाही, हे कुणी तुम्हाला धड सांगितलं नसेल.

माझ्या मोठ्या मुलाच्या कंपनीने धाकट्याच्या कंपनीवर पेटंटचा खटला भरला आहे. बोट ओलं असलं तरी फोनच्या पडद्याने ते ओळखावं, ही ती कल्पना. पेटंट मोठ्याच्या कंपनीकडे आहे. दुसरी कंपनी म्हणते, कल्पना मुळात धाकट्याची होती, भावाने ती ऐकून नेली.

ती सुचली आमच्या राजापेठेतल्या स्वयंपाकघरात. महालक्ष्म्यांचं जेवण उरकलं होतं. मी भांडी विसळत असताना फोन वाजला आणि ओल्या बोटाने तो उचलला जाईना. एक मुलगा काहीतरी बोलला, दुसऱ्याने ते उचलून धरलं, आणि दोघं संध्याकाळपर्यंत कागदावर रेघा ओढत बसले. इतके आनंदात ते मला पुन्हा दिसले नाहीत.

खटला सुरू झाल्यावर वकिलांनी त्यांचं आपसातलं बोलणंच बंद केलं. महालक्ष्म्यांना कुणी येईना. ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे दोन सुनांनी मिळून आत आणायचे असतात. मी एकटीने दोन खेपा केल्या.

मग मोठ्याचा फोन आला. "आई, तुले तं सारं आठवते. मीच बोललो होतो ना आधी? वकिलाले तेवढं सांगून दे."

दुसऱ्या दिवशी धाकटा. "तू खरं तेच सांग, मी काही म्हणत नाही. पण दादा स्वयंपाकघरात कधी 'अजून वाढ'शिवाय दुसरं काही बोलला का?"

आधी कोण बोललं, ते मला लख्ख आठवतं. खटला संपेपर्यंत एवढं आपल्यातच ठेवा. दोघांनाही मी एकच सांगितलं, "आठवत नाही रे."

थोड्याच दिवसांत दोघांचे चेहरे माझ्या फोनच्या एकाच पडद्यावर दिसले. खटल्याबद्दल बोलायला बंदी होती, आईच्या आजाराबद्दल नव्हती.

"दादा, आई गॅस तं चालू ठेवत नसंन ना?"

"मले काय माहीत? तूच विचार."

मी समोरच बसले होते. मला कुणी विचारलं नाही.

त्यांनी मला अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. माझी बहीण तिथेच राहते. दवाखान्यातल्या बाकावर तिने माझा हात धरला. "काहून खोटं बोलून राहिली वं? माह्या लग्नाच्या पंगतीत कोण रुसलं होतं, तेही तुले आठवते."

"तुझे दीर."

"मंग आत जाऊन बरोबर उत्तरं दे!"

"म्हणजे साक्षीसाठी दोघांचे फोन पुन्हा सुरू."

डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: संत्रं, खुर्ची, नदी. मध्ये वार विचारला, घड्याळ काढायला लावलं. बहिणीच्या हातातल्या फोनवर दोन्ही मुलं ऐकत होती.

"हं आजी, ते तीन शब्द?"

"संत्रं," मी म्हटलं. "नदी."

"आणि तिसरा?" डॉक्टरांनी विचारलं.  फोनमधून धाकटा हळूच म्हणाला, "दादा, तू ये. मीही येतो."

मी खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून बसले होते. डॉक्टरांकडे बघून मान हलवली, नाही आठवत.