उशीतला अंगारा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. डोकं दुखतं हे सांगायला लाज कसली? पण कधी दुखतं, हे सांगायचं म्हणजे – असो, आता सांगतोच.

लढाई चालू होती. पलटणीतून रजेवर रहिमतपूरला आलो होतो, लग्न नवं होतं. बायकोजवळ गेलो की ऐन वेळी डोक्यात मागून घण घातल्यासारखी कळ यायची. तासभर डोकं धरून बसायचो. एरवी दिवसभर उसाला पाणी पाजताना मी ठणठणीत! मग हिच्याजवळच का? मी जातीचा संशयी. हिच्या हातचं कालवण मला कडू लागायला लागलं.

एकदा उशीत बोटाला गाठ लागली. उसवली, तर चिंधीत अंगारा. आई म्हणाली, "करणी हाय रं ही!" बायको रडत होती, "आवं, आमच्या देवीचा हाय त्यो. लढाईत तुमास्नी काय हू नये म्हून ठिवला." कोण ऐकतंय? मी तिला मेढ्याला माहेरी नेऊन सोडलं.

पलटणीत गेल्यावर दुखणं निघालं तर नोकरी जाईल, या भीतीनं सांगलीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा खरं बोललो. मान, डोळे, रक्तदाब – सगळं तपासलं. म्हणाले, काहींना असं होतं, बायकांनाही होतं. घाई नको. कळ उठली की थांबायचं, थोडे दिवस दूर राहायचं. बहुतेकांचं आपोआप जातं. मात्र असह्य कळ येऊन ओकारी झाली, मान ताठली, तर तडक दवाखाना गाठायचा. आणि मी न विचारताच म्हणाले, यात बायकोचा काही दोष नाही.

तिला परत आणलं. पुढे कळही गेली. पण आईला खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं – नाही का? मी सांगितलं, देवऋष्याच्या उताऱ्यानं उतरलं. म्हणजे करणी होती, यावर मीच शिक्का मारला. आईकडून ते गावभर झालं, आणि तिला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं बंद झालं. डॉक्टर काय म्हणाले, हे मी तिलाही सांगितलं नाही.

नवऱ्याच्या आधी बायकोनं खायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती मात्र जन्मभर माझं ताट वाढलं की माझ्यासमोर त्यातला एक घास खायची, आणि मग ताट पुढे सरकवायची.

राहू दे, असं मी तिला एकदाही म्हणालो नाही.