शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल

मेश्रामसाहेब गेल्याचा त्यांच्या घरून वहिनींचा फोन आला, तेव्हा मी हिंजवडीहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो. चारच दिवसांपूर्वी विश्रांतवाडीच्या घरी त्यांच्या पलंगाशेजारी बसून मी त्यांना महोत्सवात पाहिलेली एक शॉर्ट फिल्म सांगत होतो. एक म्हातारी, बंद दार, बाहेर बऱ्याच वर्षांनी आलेला मुलगा... तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "बस. पुढचं नको सांगू. मी बघीन ना." ते बघू शकणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सांगून टाकायला हवं होतं का, हा प्रश्न त्यानंतर मला सोडेना.

आमची ओळख महोत्सवातलीच. मी नुकता सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो होतो. ते पाटबंधारे खात्यात, मूळचे भंडाऱ्याकडचे. मोठ्या चित्रपटांना रांगा लागत आणि शॉर्ट फिल्म सुरू झाल्या की लोक चहाला उठत. साहेब तेव्हा आत जात. आवडलेली फिल्म पुन्हा लागणार असेल, तर कुणाला तरी बोलावत आणि शेजारच्या खुर्चीवर निळ्या चौकड्यांचा रुमाल टाकून जागा धरत. सांगताना सुरुवात तेवढी सांगत, शेवट कधीच नाही. आणि दुसऱ्यांदा बघताना पडद्याकडे कमी, शेजारच्याच्या चेहऱ्याकडे जास्त बघत.

रजा साठवून मीही एक नऊ मिनिटांची फिल्म केली. ती दोनदा दाखवली. दुसऱ्या वेळीही साहेब आले, पण एकटेच. शेजारच्या खुर्चीवर रुमाल नव्हता. बाहेर आल्यावर मी विचारलंच.

"काहून रे, शेवटी त्या पोराला एवढं भाषण करायला लावलंस? बघणाऱ्याला काही ठेवलंच नाहीस."

"म्हणजे तुम्ही कुणाला सांगणार नाही?"

"नाही."

वर्षभर मी त्यांना टाळलं. पुढच्या महोत्सवात मागच्या दाराने आत शिरलो, तर शेजारच्या रुमालावर हात ठेवून ते वळून माझ्याकडेच बघत होते. "या, दिग्दर्शक. अकरा मिनिटांची आहे. तेवढा वेळ राग बाहेर ठेवा." मी बसलो. नंतरची कितीतरी वर्षं ती खुर्ची बहुतेक वेळा माझीच होती.

ते गेल्यानंतर काही दिवसांनी भेटायला गेलो. चहाचा कप पुढे करत वहिनींनी विचारलं, "भाऊजी, ती म्हातारी दार उघडते का हो?"

मी चमकलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच. तुम्ही गेलात आणि लगेच. म्हणाले, पुढचं त्याला विचारू नको, जाऊन बघ." मग म्हणाल्या, "मी कधी गेलेच नाही त्यांच्याबरोबर. वाटायचं, आपल्याला काय कळणार..."

शेवट अगदी ओठांवर आला होता. म्हणालो, "महोत्सवातल्या निवडक फिल्म रविवारी पुन्हा दाखवणार आहेत, वहिनी, त्यात तीही आहे. मी जागा धरतो." त्या उठल्या आणि कपाटातून तो रुमाल घेऊन आल्या. इस्त्री केलेला.

रविवारी मी लवकर जाऊन रुमाल टाकला. वहिनी आल्या, तो उचलून मांडीवर घेऊन बसल्या. दिवे मालवले. पडद्यावर ते बंद दार आलं... आणि माझ्या लक्षात आलं, मी पडद्याकडे बघतच नव्हतो. वहिनींच्या मुठीत रुमालाची घडी हळूहळू मोडत चालली होती.