गणिताचे सर पाण्यात उतरले

कारणाशिवाय एकही गोष्ट न करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या शाळेतले गणिताचे सर. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास मी सणसरजवळच्या त्या शाळेत नोकरीला लागलो, तेव्हा सर पन्नाशीला टेकले होते. डबा खाताना ते भाकरीचे चार सारखे तुकडे करत, म्हणजे भूक कितव्या तुकड्याला भागली हे कळतं. बारामतीच्या एसटीत बसले की रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि मनगटावरचं घड्याळ यांचा मेळ घालत, आणि उतरताना ड्रायव्हरला सांगत, "आज सरासरी अडतीस पडली. काल एक्केचाळीस होती. तब्येत बरी आहे ना?" ड्रायव्हर बिचारा तब्येतीचं सगळं सांगत बसे. अंगानं मात्र सर अगदीच अवघडलेले. सायकल त्यांना येत नव्हती, चेंडू कुणी टाकला तर ते झेलण्याऐवजी बाजूला होऊन त्याला वाट देत. सव्वीस जानेवारीच्या संचलनात त्यांचा डावा हात आणि डावा पाय एकदमच पुढे जायचा, आणि मागच्या रांगेतली पोरं तोंडात रुमाल कोंबून चालायची.

शाळेच्या मागून कालवा जायचा. मधल्या सुट्टीत मुली तिथं डबे धुवायला जात आणि एक शिक्षक काठावर उभा राही. त्या दिवशी सरांची पाळी होती. मी वर्गाच्या खिडकीत होतो. सातवीतल्या एका मुलीचा पाय शेवाळावरून घसरला आणि ती पाण्यात गेली. कालव्याला नुकतंच पाणी सुटलेलं, दोन्ही काठ भरून चाललेलं. मुली ओरडल्या, मी धावत सुटलो. पण मी पोचेपर्यंत खालच्या अंगाला धुणं धूत असलेल्या हिराबाईंनी लुगड्यासकट उडी टाकून पोरीला वेणीला धरून बाहेर काढलंही होतं. हिराबाई म्हणजे जवळच्याच वस्तीवरच्या. त्यांच्या सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती. आता चार एकर ऊस आणि एक विहीर. सर उभे होते तिथंच उभे होते. पोरगी खोकली, रडली, संध्याकाळी घरी गेली. सरांना कुणीही बोल लावला नाही. तिचा बाप उलट दुसऱ्या दिवशी येऊन सरांच्याच पाया पडला, आणि सर दोन पावलं मागं सरकले, तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

पंधरा दिवसांनी ते मला म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. चष्मा सांभाळायला कुणीतरी लागेल." आम्ही गेलो ते हिराबाईंच्या विहिरीवर. सरांनी शिंप्याकडून गुडघ्याखालपर्यंत येणारी चड्डी शिवून घेतली होती. आदल्या दिवशी भुसार दुकानातल्या काट्यावर बसून स्वतःचं वजन करून घेतलं होतं, आणि आपल्याला तरंगवायला तेलाचा पंधरा लिटरचा एक रिकामा डबा पुरेसा आहे, हे कागदावर मांडून आणलं होतं. हिराबाईंनी तो कागद उलटसुलट पाहिला आणि सरांच्या पाठीला दोन डबे बांधले.

"एकच पुरतो, हिराबाई."

"पुरत आसंल की. एक तुमच्या हिसाबाचा, दुसरा माज्या मनाचा," त्या म्हणाल्या.

पहिले दोन महिने सरांचा पाय शेवटच्या पायरीवरून सुटला नाही. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते हात अगदी बिनचूक मारत. कोन बरोबर, बोटं जुळलेली, श्वास मोजलेला. फक्त माणूस जागचा हलत नसे. कठड्यावर बघे जमू लागले. हिराबाईंचे मालक बिडी ओढत म्हणायचे, "सर, हात तर झकास चाललाय. आता जरा पानी बी कापा." बाईमाणूस गड्याला पोहायला शिकवतं, यावरून गावात चार दिवस कुजबुजही झाली, पण सरांकडे बघून ती आपोआप विरली. विहिरीत रोज पहाटे इतका केविलवाणा होणारा माणूस दुसऱ्या कशात गुंतला असेल, असं कुणाला वाटेना.

मग एका सकाळी पाय सुटला, तो मनानं नव्हे, पायरी निसरडी होती म्हणून. डबे पाठीवर, त्यामुळे सर तोंडावर पालथे झाले आणि पाणी प्यायले. हिराबाईंनी त्यांच्या कमरेला बांधलेल्या दोरानं ओढून घेतलं. सर कपडे घालून निघून गेले आणि आठ दिवस विहिरीकडे फिरकले नाहीत. त्या दिवसांत एकदा स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. खडूची भुकटी हातावरून झटकत ते म्हणाले, "त्या दिवशी पाण्यावरून एक पान वाहत चाललं होतं. ती पडली तेव्हा ते पान सेकंदाला किती जातंय हे माझ्या डोक्यात तयार होतं. ती कुठं पोचेल हेही कळत होतं. आकडा बरोबर होता, हे नंतर मोजून पाहिलं." मग म्हणाले, "आकडा बरोबर असून काय करायचं, हे मात्र मी कधी शिकलोच नाही."

नवव्या दिवशी हिराबाई त्यांच्या दारात आल्या. मी तिथंच होतो. पायरीवरच बसून त्या म्हणाल्या, "सर, आमची ठकी शाळंत हुती तवा तिला पाडं येईनात. तुमी तिला वरीसभर रोज शाळा सुटल्यावर बसवलं, पर सोडलं न्हाय. व्हय का न्हाय?"

"होय."

"मग आमी तुमाला दोन महिन्यांत सोडावं व्हय?"

सर आत गेले आणि चड्डी घेऊन बाहेर आले.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. जे अवघड असतं ते घडताना कंटाळवाणंच दिसतं. पावसाळ्यात पाणी वर आलं, दुसरा डबा सुटला. दिवाळीनंतर पहिलाही सुटला. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी सर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले. बेडकासारखे, धापा टाकत, मान अवघडून, डावा हात आणि डावा पाय एकदमच मारत. त्यांनी समोरचा दगड धरला. हिराबाई म्हणाल्या, "आता म्हागारी या."

त्यानंतर सरांनी सातवीच्या मुलींच्या घरोघरी जाऊन त्यांना पोहायला शिकवण्याची परवानगी मागितली. निम्म्या बापांनी नकार दिला, निम्म्यांनी पोरी पाठवल्या. पाण्यात हिराबाई असत, काठावर दोर धरून सर. निवृत्त होऊन मुलाकडे बारामतीला जाईपर्यंत त्यांनी हा नेम मोडला नाही.

बारामतीच्या एसटी स्टँडवर ते मला एकदा भेटले. पासष्टीकडे झुकलेले, थोडे वाकलेले. चहा घेता घेता, इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारून टाकलं. "सर, आता कुणी पाण्यात पडलं, तर उडी माराल?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"माहीत नाही," ते म्हणाले. "प्रसंग आला नाही, आणि येऊही नये. पण काठावर नुसतं उभं राहायला आता माझ्याकडे कारण उरलेलं नाही."

इंदापूरची गाडी लागली म्हणून मी उठलो. खिडकीतून पाहिलं, तर गर्दीत ते स्टँडच्या फाटकाकडे सावकाश चालले होते. वाटेत एका बाईच्या हातातली जड पिशवी त्यांनी मागून घेतली आणि तिच्याबरोबर रस्ता ओलांडून गेले.