भाजणीचं प्रमाण

कुणी फुकट काही देऊ केलं की माझे कान टवकारतात. निपाणीहून बेंगळुरूला येऊन मारतहळ्ळीत पीठ-मसाल्याचं दुकान थाटलं, तेव्हापासून तर हे दुखणं फारच वाढलंय.

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि माझ्या गिरणीची मोटर जळाली. चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी ढीगभर घेऊन ठेवलेल्या. ऐन दिवाळीत रिकाम्या हाती गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा माझ्याकडे फिरकलं नसतं, दुकानच बसलं असतं. त्याच गल्लीत अक्कांची गिरणी. पिढ्यान्‌पिढ्या इथलंच मराठी घर, आणि भाजणी त्याही विकायच्या. त्या आपणहून आल्या आणि म्हणाल्या, दुपारी माझ्याकडे दळत जा, पैशाचं नाव काढू नको.

माझ्या मनात पाल चुकचुकली. बाईला माझं प्रमाण हवंय, दुसरं काय! मी धान्य घरीच भाजून, मिसळून, पोत्याचं तोंड शिवून न्यायची. पण जाणत्या बाईला चिमूटभर पीठ चाखूनही कळतं. म्हणून दळण झालं की दोन मुठी तांदूळ घालून गिरणी साफ करायची आणि सांडलेलं पीठसुद्धा झाडून घरी आणायची.

अक्का मात्र दारात माझ्याकडे पाठ करून डाळ निवडत बसायच्या. एकदाही मान वळवली नाही. मला तेही खटकलं. इतकं न बघणं म्हणजे नाटकच, असं मी घरी सांगितलं. नवरा म्हणाला, तू एकदा डॉक्टरला दाखव.

पाचव्या दिवशी त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई भाजणी मागायला आली. यंदा केलीच नाही, हिच्याकडची घे, चांगली असते, असं अक्कांनी तिला सांगितलं. मी गिरणी बंद केली आणि का केली नाही ते विचारलं.

"सकाळी लोकांची नाचणी, गहू असतात. दुपार तुला दिली. माझं कधी दळू?"

"आणि पाठ करून का बसता?"

"मी बघितलं तर तुला घोर लागतो की. पहिल्या दिवशीच दिसलं मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस त्यांना सगळं कळत होतं आणि तरी त्यांनी दार उघडं ठेवलं होतं.

"अक्का, इकडे तोंड करून बसा," मी म्हटलं.

"राहू दे आता," त्या डाळ निवडतच म्हणाल्या. "स्वल्पच दळण राहिलंय तुझं."