पाठीमागे बांधलेले हात

पनवेलच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांचं नाव मी विचारलं नाही. आमचा बंद पडलेला जुना कॉम्प्युटर मला चालू करून टीव्हीला जोडून हवा होता. त्यातल्या लग्नांच्या व्हिडिओंत माझी आई धवले, म्हणजे आमच्याकडची लग्नातली गाणी, गाते. आई आता नाही. भाचीच्या लग्नात धवले मला म्हणायचे होते, म्हणून तिचे ऐकून ऐकून पाठ करायचे होते.

चाचांनी विचारलं, "ऑपरेटिंग सिस्टीम कुठली टाकू?"

"मुलगा म्हणतो, त्याच्या ऑफिसात आहे तीच."

"मुलगा घरी असतो?"

"नाय, पुण्याला."

"मग चालवणार कोण?"

मी खाली बघून म्हटलं, "मीच."

त्यांनी साधी लिनक्स निवडली आणि तिच्यातली अक्षरं मराठी केली. मग स्वतःची खुर्ची मला देऊन त्यांनी हात पाठीमागे बांधले. मी चुकले की ते नुसते खाकरायचे.

मी म्हटलं, "तुमीच लावून द्या ना, चाचा."

"मी लावलं तर रोज मला घरी न्यावं लागेल, बाई. सबर करा. बटण कुठे पळून जात नाही."

चौथ्या खेपेला आईचा व्हिडिओ माझ्या हातून लागला.

हळदीच्या सकाळी मी तोच लावत होते. मुलगा "दे इकडे" म्हणत पुढे आला.

"हात मागे बांध," मी म्हटलं.

त्याने हसत बांधले. टीव्हीवर आईने धवला उचलला आणि मी तिच्याबरोबर शेवटपर्यंत म्हटला.