मावशीच्या हातचा जवळा

वनिताचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. "वैनी, आय गेली..." एवढंच ती बोलू शकली. हार्ट अटॅक. काशीमावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची बहीण, आणि वनिता तिची लेक. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, आता रविवारी जाऊन काय उपयोग! त्या रविवारी मी मावशीला एक गोष्ट सांगायला उरणला जाणार होते.

आमच्या सुकापूरच्या घरी मावशी यायची ती दारातच डबा पुढे करत. डब्यात सुक्या जवळ्याची चटणी ठरलेली. सासूबाई गेल्यावर माझ्या नीलला आजी म्हणून तीच होती. तो तिच्या मांडीवर बसून तिच्याच हातानं जेवायचा. पावसाळा संपता संपता त्याला जुलाब सुरू झाले... थांबायचे, पुन्हा व्हायचे. तपासणीत नेहमीचे जंतू सापडले नाहीत. मग मी, शहाणीनं, स्वतःच निदान केलं. म्हटलं, "मावशी, आता घरून काही आणू नका." पुढे केलेला डबा तिनं पिशवीत परत ठेवला. "माजे हातचा खाऊन झाला का गो बाय?" मी नाही म्हटलं नाही.

डॉक्टरांनी पुन्हा मुद्दाम वेगळी तपासणी करायला लावली. सापडला एरोमोनस नावाचा जंतू. "हा पाण्यात राहतो. जुलाबाच्या तपासणीत याला सहसा कोणी शोधत नाही," ते म्हणाले. "माशांवरही असतो, पण नीट शिजवलं की मरतो. आधी तुमची टाकी बघा." गच्चीवरच्या टाकीचं झाकण काढलं तर तळाशी गाळ. पाणी तपासलं, त्यातही तोच जंतू. नील दात घासताना नळाचंच पाणी प्यायचा! टाकी धुतली, औषध दिलं, पोर खडखडीत बरं झालं. मावशीला फोन करायला मात्र माझी जीभ रेटेना. समोर जाऊनच सांगू, म्हणत मी एकेक रविवार ढकलत राहिले. खरं तर मला लाज वाटत होती, आणि तिच्या मनाला काय लागलं असेल यापेक्षा मी माझी लाज सांभाळली.

दिवसकार्याचं जेवण झाल्यावर मी हात धुवायला मोरीत गेले. साबणाची वडी झिजून पार चकती झाली होती. वनिता मागे येऊन उभी राहिली. "आय सारकी हात धुवायची. हाताची कातरी फाटली, तरी आयकायची नाय. जेवायला बसलो का बोलायची, तुमीच वारून घ्या, माजे हातान नको."

मी तिला टाकीचं सगळं सांगितलं... तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "ह्या आयला सांगायला पायजे होता, वैनी."